मायचं बोदकं

अमरावतीत माझ्या बाबांसारखा बोद भरणारा दुसरा कोणी नव्हता, असं माझे बाबा सांगत. बोद म्हणजे कापसाचं पुरुषभर उंचीचं पोतं. ते तोंड वर करून वाशाला टांगायचं, एक माणूस आत उतरायचा, बाया वरून कापूस ओतायच्या आणि आतला माणूस तो पायांनी तुडवायचा. सुरुवातीला बाबा दिसायचेच नाहीत, नुसता धपधप आवाज यायचा. मग पागोटं दिसायचं, मग मिशा, मग छाती, आणि शेवटी बाबा बोदाच्या तोंडावर कमरेवर हात ठेवून उभे. आमची काळीची शेती होती, पण गावात मान होता तो शेतीमुळे नाही, या पायांमुळे.

ते दिवसच कापसाचे होते. साता समुद्रापलीकडे कुठे तरी भाऊभाऊ आपसांत लढत होते आणि त्यांच्या भांडणापायी तिकडचा कापूस बंद पडून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आमच्या आळीत बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली होती. भांडण कशाचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमची एक शेजारीण रोज दिवा लावताना 'लढाई चालू राहू दे रे देवा' म्हणायची, आणि ती काही वाईट बाई नव्हती.

मला अकोल्याला दिलं होतं. त्या पावसाळ्यात निरोप आला की बाबांना पटकी झाली आहे. चिखलातून गाडी हाकत आम्ही पोचलो तेव्हा बाबा भिंतीला टेकून पेज पीत होते आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते. मी चुलीपाशी जाऊन मनसोक्त रडले. निरोप धाडला त्या रात्री वैद्य हात झटकून निघून गेला होता. तेव्हा मायने शेजारपाजाऱ्यांच्या देखत अंगणात उभं राहून नवस बोलला होता: "महादेवा, याले ठेव. मी पायी येईन तुह्या गडावर. माहं वझं माह्याच आंगावर आनीन, उचलाले कोनाचा हात लागू देनार नाई."

हा गड म्हणजे पचमढीकडचा, सातपुड्याच्या पोटातला. शिवरात्रीला वऱ्हाडातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन तिकडे चालत जातात आणि वर तो देवापुढे रोवून येतात. मायच्या लेखी तो सरळ सौदा होता. एका पारड्यात तिचा शब्द, दुसऱ्यात बाबांचा जीव. शब्द मोडला की जीव गेला. तिला कोणी समजावलं नाही. मीही नाही, कारण मला स्वतःलाच तसं वाटत होतं.

अडचण होती गुडघ्यांची. सरकी काढायच्या चरकीपुढे बसून बसून मायचे गुडघे असे झाले होते की ती उठली की आधी गुडघे बोलायचे आणि मग ती. म्हणून तिच्याबरोबर मी जायचं ठरलं, आणि बाबा तर जाणारच होते. जीव त्यांचा होता.

माघ लागला. कापूस वेचून झाला, रानातला पळस पेटायला लागला आणि मायने ओसरीवर सामान मांडलं. प्रवासाला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे सगळी आळी सल्ला देऊन गेली. एक म्हणाली सुंठ घे, दुसरी म्हणाली सुंठेनं काय होते, ओवा घे. माय कोणालाच नाही म्हणेना. ज्वारीचं पीठ, डाळ, जवसाची चटणी, तवा, दोन लुगडी, शिवाय देवापुढे नेसायला रेशीमकाठी तिसरं, वाकळ, घोंगडी, तांब्या. त्या वर्षी घेतलेली नवीकोरी पितळी परात, कारण एवढी परात घरात असताना रानात पानावर जेवायचं म्हणजे काय! आणि लोखंडी खलबत्ता. खलबत्ता पाहून मात्र माझा धीर सुटला.

"माय, तू यात्रेले चालली का बिऱ्हाड हलवून राहिली?"

"ठेच्याशिवाय तुह्या बापाच्या घशाखाली भाकर उतरत नाई," माय म्हणाली. वाद संपला.

बाबा तोवर ढिगाभोवती हात मागे बांधून फेऱ्या घालत होते. ते म्हणाले, "हे काईच नाई. दाबलं का कमी होते."

आता वाचणारा हसेल. पण कापसावर जगणाऱ्या माणसाला जन्मभर एकच त्रास असतो, जागेचा. कापूस घरात मावत नाही, गाडीत मावत नाही, वाऱ्याने उडतो. त्याला दाबला की सगळे प्रश्न मिटतात. वजन? वजन तर हवंच असतं! वजन भरावं म्हणून कापसावर पाणी शिंपडणारे महाभाग होते, आमच्या घरात नव्हते असं बाबा सांगत. त्यामुळे ओझं म्हणजे फुगवटा, आणि फुगवटा गेला की ओझं गेलं, हे आमच्या हाडामांसात मुरलं होतं. त्या ओसरीवर आम्ही दहा-बारा माणसं होतो. एकालाही शंका आली नाही.

खांद्यावर त्रिशूळ असणार, म्हणजे पडशी खांद्याला लावायची सोय नाही. बाबांनी बोदाच्याच जाड कापडाची पाठीवर बसेल अशी पिशवी शिवली, तिला दोन्ही खांद्यांतून घालायला पट्टे लावले. आळीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं बोदकं. मग बाबांनी ते वाशाला टांगलं. आत उतरायला जागा नव्हती, म्हणून एक पाय आत घातला, एक पाय पाटावर ठेवला आणि तुडवायला लागले. पीठ, डाळ, वाकळ, परात, धपधप, धपधप. मधे पोकळी राहिली की बोद बसत नाही, म्हणून सामानाच्या फटींतून त्यांनी रुई कोंबली. 'देवापुढे वाती होतील,' असं वर म्हणाले. शेवटी तोंड शिवून टाकलं. एवढा ढीग लग्नातल्या लोडाएवढा झाला! लोक बोट लावून पाहत होते. बोट आत जात नव्हतं.

मायने ते पाठीवर घेतलं, तुळशीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "बरं झालं. लहान हाय." मग ती पायरीवर बसली आणि तिने पाणी मागितलं.

आमच्या जथ्याचा पुढारी एक म्हातारा फूलमाळी होता. देवळांना हार पुरवायचा, आणि कित्येक वर्षं न चुकता गडावर जायचा. त्याच्याजवळ एक घोंगडी आणि एक तुंबा. पाण्याचा तुंबा सोडला तर त्याच्या अंगावर वाजेल असं काही नव्हतं. त्याने वेशीबाहेर सगळ्यांना दम दिला, की आजपासून कोणाला नावाने, नात्याने हाक मारायची नाही. बाई असो, गडी असो, सगळे भगत. माझ्या आईबापांनी जन्मात एकमेकांना हाक मारली नव्हती. 'ऐकलं काय' आणि खोकला एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. मोर्शीच्या वाटेवर मायने पहिल्यांदा मागून हाक दिली, "ओ भगत, जरा हळू." बाबा असे लाजले की पुढे अर्धा कोस त्यांनी मागे पाहिलं नाही.

त्या दोन-तीन दिवसांची मला अजून मजा वाटते. सकाळी गार वारा, रस्त्यावर मोहाच्या फुलांचा वास, पुढे कोणी तरी महादेवाचं गाणं उचलायचं आणि मागच्यांनी ओढायचं. जथ्यातल्या एका सधन माणसाने तेजीच्या जोरावर एवढा थोरला त्रिशूळ घडवून घेतला होता की तो न्यायला दोन गडी लागत. ते गडी दर फर्लांगाला त्याचा उद्धार करत. बाया नदीवर अंघोळ करताना आपापल्या घरच्यांची उणीदुणी काढत, आणि नाती घ्यायची नाहीत म्हणून 'आमच्याकडचे ते म्हातारे भगत' असं म्हणत. मी लग्नानंतर इतकी हसले नव्हते.

मायचं मात्र हसू वरूडपर्यंत टिकलं नाही. बोदकं लहान होतं, पण लहान असूनही ते तिला मागे ओढत होतं. लोड आणि धोंडा एकाच आकाराचे असू शकतात, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरायला लागलं. तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले. मी हात पुढे केला की ती वस्सकन अंगावर यायची, "लावशीन हात तं पाह्य!" संध्याकाळी ती झाडाला टेकायची आणि काही न खाता झोपायची. शिवरात्र जवळ येत होती. खरे डोंगर तर अजून दिसलेही नव्हते.

मग मुलतईच्या पुढे नवल घडलं. माय चालायला लागली. रोज सकाळी आदल्या दिवशीपेक्षा बरी. मला वाटलं, महादेव पावला. मायलाही तेच वाटलं, ती तसं सगळ्यांना सांगत सुटली. बाबा मात्र मागे पडायला लागले. आजारातून उठलेला माणूस, मी म्हटलं, चालायचंच. ते रोज सकाळी मायचं बोदकं स्वतः उसवून, शिधा काढून, परत तुडवून शिवून द्यायचे. उचलायचं तिनेच. नवसात बसत होतं.

एका दुपारी ओढ्याकाठी राखेत कणकेचे रोडगे भाजायचं ठरलं आणि जवसाची चटणी संपली म्हणून मायने प्रवासात पहिल्यांदाच ठेच्यासाठी खलबत्ता काढायला बोदक्यात हात घातला. खलबत्ता नव्हता. तवा नव्हता. परात नव्हती. वाकळीच्या घडीच्या जागी बाभळीचा पाला भरला होता, छान दाबून. माय उठली आणि बाबांची पडशी तिने उलटी केली. आधी खलबत्ता पडला.

माय चिडली की ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती दिवसापासून?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, "मुलतईपासून. तुह्याच्यानं होत नव्हतं. मी पाहून राहिलो होतो. माह्याच्यानं पाह्यवलं नाई."

"मी तुमचा जीव मांगाले चालली," माय म्हणाली, "आन तुमी थोच जीव चोरून खांद्यावर घेऊन राहिले. आता मी देवाले कोनतं तोंड दाखवू?" आणि मग ती रडायला लागली. नुसतं डोळ्यांतून पाणी नाही, भोकाड पसरून, लहान पोरासारखी. मी तिला तशी रडताना कधी पाहिली नव्हती. मला बाबांचा असा संताप आला, आणि त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा आजारात झाला नसेल एवढा उतरला होता. बायकोवरच्या मायेपायी आपण आपलाच गळा कापला की काय, हे त्यांना तेव्हा कळलं.

माय म्हणाली, मी परत मुलतईला जाते आणि तिथून पुन्हा सगळं उचलून येते. शिवरात्र हातातोंडाशी आलेली. परत गेली असती तर गड चुकला असता, आणि गड चुकला तर नवसही गेला असता. शेवटी प्रकरण म्हाताऱ्या फूलमाळ्याकडे गेलं. तो रोडगे भाजत होता. राखेतून हात न काढता त्याने सगळं ऐकलं.

"चोरी तुह्या मांगं झाली," तो मायला म्हणाला. "देवाच्या ध्यानात हाय कोन बोललं आन कोनं केलं ते. त्याचं त्याले भोगू दे. तू आता उचल."

मायने डोळे पुसले आणि सगळं परत भरायला घेतलं. बाबांना तिने जवळ येऊ दिलं नाही. मायला तुडवता येत नव्हतं, त्यामुळे निम्मं सामान बाहेरच लोंबत राहिलं. ती उभी राहिली, दोन पावलं गेली आणि गुडघ्यांवर खाली आली. पुन्हा उठली. पुन्हा आली. सगळा जथा रोडगे हातात धरून बघत होता.

"काय काय हाय वं त्यात?" फूलमाळ्याने विचारलं.

मायने सांगितलं. परातीपाशी आल्यावर त्याने भुवई वर केली आणि खलबत्त्यापाशी आल्यावर रोडगा खाली ठेवला.

"नवस काय बोलली होती? जसाच्या तसा सांग."

"माहं वझं माह्याच आंगावर आनीन."

"किती आनीन, असं बोलली होती काय?"

माय बाबांकडे पाहायला लागली, बाबा तिच्याकडे. आम्ही तिघंही कापसाची माणसं. ओझं दाबता येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. ते कमीही करता येतं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचलं नव्हतं!

"पन टाकलेलं चालते काय देवाले?" मायने विचारलं.

"टाकलं थे वझं कसं? टाकलं थे टाकलं," फूलमाळी म्हणाला आणि पुन्हा खायला लागला.

त्या ओढ्याजवळ गोंडांची चार घरं होती. परात तिथल्या एका बाईने घेतली, आणि ती घेताना इतकी सावध होती की वेडे लोक आहेत, मागून भांडायला येतील, असं तिला वाटत असावं. तवा दुसरीला. वाकळ तिथल्याच एका म्हातारीला, ती तर लगेच पांघरून बसली. खलबत्ता कोणीच घेईना, तेव्हा मायने तो झाडाखाली ठेवला, चार पावलं गेली, परत आली, त्याला नमस्कार केला आणि मग निघाली. रेशीमकाठी लुगडं तिने माझ्यासमोर धरलं. मी हात मागे घेतले. मला माझंच जड झालं होतं, मी माझी दुसरी चोळी आणि आरसासुद्धा तिथेच देऊन टाकला. लुगडं एका गोंड पोरीला मिळालं, पुढल्या महिन्यात तिचं लग्न होतं म्हणे. फटींतली रुई उपसून काढली तर तिचा ढीग गुडघ्याएवढा झाला आणि वाऱ्याने अर्धी रानात गेली. अमरावतीत त्या रुईसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती, इथे ती करवंदीच्या जाळीला लटकत होती.

बाबा हे पाहत होते. भरलेला बोद उकलताना त्यांना नेहमीच कसंसं व्हायचं. मायच्या बोदक्यात शेवटी दोन दिवसांचं पीठ, मीठ-मिरची, तांब्या आणि एक लुगडं उरलं. सगळं ढिलं ढिलं, पोकळ. बाबांनी सवयीने पाय उचलला आणि मायने नुसतं पाहिलं. पाय खाली आला.

शिवरात्रीला पहाटे आम्ही गड चढायला लागलो. वाट कसली, नुसते दगड आणि कारवीच्या काड्या. तो थोरला त्रिशूळ अर्ध्या वाटेत अडकून पडला होता आणि त्याचे दोन गडी त्याच्यावरच बसून विडी ओढत होते. माय बसत होती, उठत होती, पण चढत होती. बाबा तिच्या मागे चार पावलांवर, हात पाठीमागे बांधून, जणू हातांचा भरवसा नाही. मी वळून पाहिलं की ते नजर चुकवत. मला वाटतं, त्या चढावर मायपेक्षा त्यांनाच जास्त त्रास झाला.

वर पोचल्यावर मायने त्रिशूळ रोवला, बोदकं अंगावर ठेवूनच देवापुढे डोकं टेकवलं आणि किती तरी वेळ उचललं नाही. मागचे लोक ढकलायला लागले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. तिने बोदकं पाठीवरून काढलं आणि खाली ठेवलं. ते उचलून बाबांनी आपल्या गळ्यात अडकवलं. तिने अडकवू दिलं.

उतरायला लागलो आणि दहा पावलांत तिचे गुडघे गेले. चढणं एक वेळ होतं, उतरणं गुडघ्यांना सोसत नाही. ती दगडाला धरून बसली. मी एका बाजूने उचलू पाहिलं, जमेना. तेव्हा बाबा तिच्यापुढे गेले, पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "बस."

"काय?"

"पाठीवर बस."

"येड लागलं काय? लोक पाहून राहिले."

"नवस येन्याचा बोलली होती," बाबा म्हणाले. "जान्याचं काई बोलली होती काय?"

माय हसली, आणि मग हसतहसतच बसली. त्या काळी बायको नवऱ्याच्या बरोबरीने चालत नसे, आणि इथे तर ती त्याच्या पाठीवर! चढणारे लोक वाट सोडून उभे राहिले. कोणी तरी 'हर हर महादेव' ओरडलं, बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या. जन्मभर कापूस तुडवलेले ते पाय एकेक दगड चाचपत उतरत होते. मी शेजारून मायच्या पाठीला हात लावून चालत होते, म्हणून मला जवळून दिसलं. मायने लाजेने पदर पार तोंडावर ओढून घेतला होता. मग तिने पदराआडूनच डोकं वळवलं आणि कान त्यांच्या पाठीला लावला, खांद्याच्या खाली, डाव्या बाजूला. बराच वेळ ती तशीच राहिली.

"झोपली काय वं?" बाबांनी विचारलं.

"नाई," माय म्हणाली. "ऐकून राहिली. चालू हाय."